गुडघ्यातली गॅप, वंगण वगैरे

हाडवैरी

शेजारच्या, गुडघेदुखीवरच्या घरगुती उपायांच्या धाग्यावर एरंडेल, निर्गुडी, मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, कुठलंसं हिरवं तेल, सगळं येऊन गेलं. 'वंगण संपलंय' आणि 'गॅप कमी झालीय' ही दोन निदानं तर दर दोन-तीन प्रतिसादांमागे आहेत. पण ज्या गुडघ्याची एवढी काळजी चालली आहे तो आतून कसा असतो, हे कुणी विचारलंच नाही. मी पुण्यात फिजिओथेरपीच्या मुलांना शरीररचना शिकवते, त्यामुळे राहवेना. म्हणून हा वेगळा धागा. निदान आणि औषध मात्र माझ्याकडे मागू नका, त्याला डॉक्टर आहेत.

तर आधी हाडं. वरून मांडीचं हाड येतं. त्याच्या खालच्या टोकाला शेजारी शेजारी दोन गोलसर फुगवटे असतात. खालून नडगीचं हाड येतं, त्याचा माथा जवळजवळ सपाट. पुढे वाटी. पोटरीच्या बाहेरच्या अंगाला जे बारीक हाड हाताला लागतं, ते फिब्युला. ते गुडघ्याच्या सांध्यात भागच घेत नाही, नडगीला बाजूने चिकटून घोट्याकडे निघून जातं.

आता खुब्याशी ताडून बघा. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा खोल खळग्यात जाऊन बसतो. विच्छेदनाच्या टेबलावर नुसती सुकी हाडं घेतली तरी ती एकमेकांत बसतात. गुडघ्याची बसत नाहीत. गोल बुडाचा माठ फरशीवर ठेवलात तर तो जसा कलंडेल, तशी गत. माठाखाली आपण चुंबळ ठेवतो. गुडघ्यात ती चुंबळ म्हणजे मेनिस्कस, ज्याला दवाखान्यात सगळे गादी म्हणतात. प्रत्येक गुडघ्यात दोन, आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक. दोन्हींची कड बाहेरून जाड आणि आत पातळ होत गेलेली, त्यामुळे सपाट माथ्यावर उथळ खळगा तयार होतो आणि वरून येणारा भार मोठ्या क्षेत्रावर पसरतो. एके काळी ही गादी फाटली की सर्जन सरळ काढून टाकत, तिचा उपयोग काय म्हणून. १९४८ मध्ये फेअरबँक या ब्रिटिश सर्जनने गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे बघून त्यांच्यातले बदल नोंदवले, आणि हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की गादी गेली की सांधा लवकर झिजतो. आता जेवढी वाचवता येईल तेवढी वाचवतात.

चुंबळ असली तरी माठ ढकलला तर पडणारच. म्हणून दोऱ्या. दोन्ही बाजूंना एकेक लिगामेंट, गुडघा आत किंवा बाहेर मोडू नये म्हणून. आणि सांध्याच्या मधोमध एकमेकांना फुलीसारखी छेदणारी दोन. पुढची एसीएल, नडगी पुढे सरकू देत नाही. मागची पीसीएल, नडगी मागे जाऊ देत नाही. खेळाडूंच्या बातम्यांत सारखी येते ती पुढची.

शाळेच्या पुस्तकात गुडघा म्हणजे बिजागरीचा सांधा, असं असतं. एक गंमत करा. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात, टाच जमिनीवर. आता मांडी न हलवता पाऊल आत-बाहेर फिरवा. छान फिरतं ना? ही गोल फिरण्याची हालचाल घोट्यापेक्षा जास्त गुडघ्यात होते आहे, नडगीवर हात ठेवलात तर कळेल. आता पाय सरळ लांब करा, मांडी घट्ट धरा आणि पुन्हा तेच करून बघा. गुडघ्यात काहीही फिरणार नाही. सरळ होताना शेवटच्या साधारण वीस अंशांत नडगी थोडी बाहेरच्या बाजूला वळते आणि सगळी लिगामेंट ताणून सांधा कुलूपबंद होतो. त्यामुळेच दगडूशेठच्या रांगेत आपण तास तास उभे राहतो तरी मांडीचे स्नायू थकून जात नाहीत. वाकायच्या आधी हे कुलूप काढायला गुडघ्याच्या मागे पॉप्लिटियस नावाचा एक छोटा स्नायू आहे. आयुष्यभर इमानाने काम करतो आणि कुणाला त्याचं नावही माहीत नसतं.

थोडक्यात, गुडघा उभा आहे तो दोऱ्यांच्या, गाद्यांच्या आणि मुख्य म्हणजे स्नायूंच्या जिवावर. हाडांच्या आकाराचा त्याला फारसा आधार नाही. दुखण्याचा अर्धा हिशोब मला वाटतं इथेच आहे, पण ते चर्चेत येईलच.

टेकडीपंथी

वा, ताई. ऑफिसात खुर्चीवर बसून पाऊल फिरवून पाहिलं, शेजारच्याने विचारलं काय झालं म्हणून. आता त्याचंही फिरवणं चालू आहे.

माझा प्रश्न. वेताळ टेकडी चढताना काहीही होत नाही. उतरताना वाटीच्या मागे दुखतं. सिंहगडालाही तेच. चढताना दम लागतो, गुडघा गप्प. खाली आतकरवाडी जवळ आली की बोलायला लागतो. चढायला जास्त ताकद लागते, मग उतरताना का?

तिरकस सदाशिव

आमच्या पेठेत गुडघे टेकायची पद्धत नाही, त्यामुळे ते झिजायचा प्रश्न येत नाही. बाकी काही जणांचा मेंदू तिथेच असतो असं ऐकून आहे, त्याबद्दल शरीररचनाशास्त्र काय म्हणतं? हलके घ्या.

हाडवैरी

सदाशिवराव, मेंदू तिथे नसतो, पण गुडघ्याचं एक काम मेंदूला न विचारता होतं खरं. वाटीखाली हातोडी मारली की पाय उडतो, तो संदेश पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाऊन तिथूनच परत येतो. अर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी १८७५ साली, एकमेकांना न विचारता, हे एकाच वेळी लिहिलं. दोघांनाही श्रेय मिळालं. पेठेत हे शक्य झालं नसतं.

टेकडीपंथी, तुमचा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर वाटीत आहे. वाटी मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेतच, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीतच, रुतलेली असते. शरीरात कंडरेत तयार होणारी अशी छोटी हाडं बरीच आहेत, त्यांतलं हे सगळ्यात मोठं. तिचं काम ढालीचं आहे असं लोकांना वाटतं. खरं काम वेगळं: ती कंडरेला सांध्याच्या मध्यापासून पुढे उचलून धरते, त्यामुळे स्नायूला जोर लावायला तरफेसारखी लांब भुजा मिळते. पूर्वी वाटीचा चुरा झाला तर ती काढून टाकत. अशा माणसाला गुडघा पूर्ण सरळ करायला मांडीच्या स्नायूतून साधारण ३० टक्के जास्त जोर काढावा लागतो.

पण याची किंमत आहे. स्नायू वरून ओढतो, कंडरा खालून धरून ठेवते, गुडघा वाकलेला असला की या दोन ओढींच्या मध्ये वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. जितका गुडघा जास्त वाकलेला आणि जितकी स्नायूची ओढ जास्त, तितका दाब जास्त. म्हणून वाटीच्या मागची कूर्चा, म्हणजे हाडावरचा गुळगुळीत थर, शरीरातली सगळ्यात जाड आहे.

आता उतार. चढताना मांडीचा स्नायू आखडत जातो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ब्रेकचं काम करतो, म्हणजे ताण धरून ठेवत लांब होत जातो. वरच्या पायरीवरच्या पायाचा गुडघा वाकत जातो आणि सगळं शरीर त्या एका गुडघ्यावर हळूहळू खाली सोडलं जातं. चढताना खुब्याचे स्नायू आणि पोटऱ्या बरंच काम वाटून घेतात. उतरताना मोठा वाटा मांडीचा पुढचा स्नायू एकटा उचलतो. पर्वतीच्या पायऱ्यांवर कोण कसं उतरतं ते पाहत बसा. थकलेले लोक धप्प धप्प उतरतात, कारण स्नायूने ब्रेक लावणं सोडलेलं असतं आणि धक्का सरळ सांध्यात जातो.

वेगळं कारणही असू शकतं, सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल तर दाखवून घ्या. पण टेकडीवर रोज जाणाऱ्या निम्म्या लोकांचा व्यायाम फक्त चढ-उतार असतो, मांडी आणि खुब्याच्या बाजूच्या स्नायूंसाठी वेगळं काही ते करतच नाहीत. तिथून सुरुवात करायला हरकत नाही. लांब उतारावर दोन काठ्या घ्या. काठ्यांनी गुडघ्यावरचा भार कमी होतो हे मोजून पाहिलेलं आहे. सिंहगडावर काठी घेतली की लोक 'काय काका' म्हणून हसतात, हसू द्या.

न्यूटनभक्त

भाराचे आकडे कुणी देत नाहीये म्हणून मी देतो, यंत्र अभियंता असल्याची खाज. बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्याच्या आतच भारमापक बसवले आणि ते गुडघे घेऊन हिंडणाऱ्या खऱ्या माणसांचे आकडे बिनतारी पद्धतीने मोजले. सपाटीवर चालताना मांडी आणि नडगीच्या मधल्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. जिना चढताना तीन पटींहून जास्त. उतरताना जवळपास साडेतीन पट. म्हणजे ७० किलोच्या माणसाचं एका पायरीला २४० किलोच्या आसपास.

वजन ७० आणि भार २४० कसा, असं वाटेल. बाकीचा भार आपलेच स्नायू टाकतात. शरीराचं वजन गुडघ्यापासून लांबच्या भुजेवर काम करतं, स्नायूची भुजा वाटी धरूनसुद्धा चार-पाच सेंटीमीटर. तोल सांभाळायला स्नायूला कितीतरी पट ओढावं लागतं आणि ती सगळी ओढ सांध्याला दाबते.

वजन कमी करण्याचाही हिशोब यातूनच येतो. स्थूल आणि गुडघे झिजलेल्या लोकांवरच्या अभ्यासात दिसलं की एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो. दिवसाची पावलं किती ते ज्याने त्याने आपापल्या घड्याळात बघावं.

पेठेतली काकू

मला एवढं गणित कळत नाही, पण वाड्याचा लाकडी जिना चाळीस वर्षं चढ-उतार केलाय, त्यामुळे तुमचे आकडे माझ्या गुडघ्याला पाठ असावेत. गेल्या महिन्यात एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले आतल्या बाजूची गॅप कमी झालीय. मैत्रीण म्हणाली वंगण संपलंय, इंजेक्शन घे. सून म्हणते मांडी घालून बसणं बंद करा. मी म्हटलं मग देवापुढे काय स्टूलवर बसू?

आणि एक सांगा. पालख्या आल्या की भवानी पेठेत, नाना पेठेत मुक्कामाला सत्तरीच्या पुढच्या आजीबाई बघते मी. आळंदीहून चालत आलेल्या असतात, पुढे दिवेघाट चढणार. त्यांचं वंगण संपत नाही का?

हाडवैरी

काकू, याचीच वाट बघत होते.

गॅप म्हणजे मोकळी जागा नव्हे. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि मध्ये गाद्या असतात. एक्स-रेत हाड दिसतं, कूर्चा आणि गादी दिसत नाही, म्हणून ती जागा रिकामी वाटते. कूर्चा पातळ झाली की हाडं जवळ आलेली दिसतात, त्याला सगळे गॅप कमी झाली म्हणतात. हा एक्स-रे उभं राहून काढलेला हवा, झोपून काढला तर अंतर खोटं जास्त दिसू शकतं. आतल्या बाजूलाच कमी का, तर चालताना भाराचा मोठा वाटा आतल्या अंगावरून जातो. ती बाजू झिजली की पाय बाहेर बाक घेतो, बाक वाढला की आतला भार आणखी वाढतो.

वंगणाचं म्हणाल तर सांध्याच्या आतल्या अस्तरातून ते सतत तयार होत असतं आणि शोषलंही जात असतं. निरोगी गुडघ्यात ते फार तर चमचाभर असतं. भरून ठेवलेला साठा नाहीच, मग संपणार काय? झिजलेल्या गुडघ्यात तर उलट पाणी साचून सूज येते, पण ते पातळ असतं, त्याचा चिकटपणा गेलेला असतो. इंजेक्शनबद्दल डॉक्टरांमध्येच दोन मतं आहेत, तुमच्या डॉक्टरांना त्यांचं मत विचारा. मला विचाराल तर आधी तीन महिने मांडीचे व्यायाम, मग इंजेक्शनचा विषय.

आता वारकरी आजी. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या याच वंगणाच्या पाण्यातून. भार पडला की पाणी पिळून बाहेर, भार उचलला की पुन्हा आत. ही ये-जा व्हायला पाय चालता हवा. आजीबाई शेतात वर्षभर चालतात, अंगावर वजन नसतं, मांड्या भक्कम. याचा अर्थ दुखऱ्या गुडघ्याने उद्या दिवेघाट चढा असा नाही. हौशी धावणाऱ्यांमध्येही बसून राहणाऱ्यांपेक्षा गुडघ्याची झीज जास्त आढळत नाही, हे मात्र टेकडीपंथींच्या घरच्यांना सांगायला हरकत नाही.

आणि सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे कूर्चेत दुखणं जाणवणाऱ्या नसाच नसतात. स्कॉट डाय नावाच्या अमेरिकन अस्थिशल्यविशारदाने स्वतःच्या गुडघ्यात, आत भूल न देता, दुर्बीण घालून घेतली आणि सहकाऱ्याला आतल्या एकेका भागाला टोचायला सांगितलं. १९९८ मध्ये त्याचा निबंध आला. वाटीच्या मागच्या कूर्चेला टोचलं तर त्याला काही कळत नव्हतं. सांध्याचं अस्तर आणि वाटीच्या खाली असलेली चरबीची उशी, तिथे स्पर्श झाला की असह्य कळ. म्हणजे झीज दुखत नाही. दुखतं ते अस्तर, ती चरबी, कूर्चेखालचं हाड. म्हणूनच एक्स-रे भयंकर आणि माणूस निवांत, किंवा एक्स-रे बरा आणि माणूस रडकुंडीला, असं दोन्ही पाहायला मिळतं. फक्त एक्स-रे बघून घाबरू नका, काकू.

मांडी घालून बसण्याचं: निरोगी गुडघ्याला त्याने काही होत नाही. खोल वाकताना मांडीच्या हाडाचा बाहेरचा फुगवटा नडगीच्या पार मागच्या कडेपर्यंत सरकतो, आतला जवळपास जागेवरच राहतो. फिरण्यासह वाकणं म्हणतात ते हेच. तासन् तास उकिडवं किंवा गुडघ्यावर बसून काम करणाऱ्यांत झीज जास्त दिसते, हेही खरं. आता तुमचा गुडघा दुखतोय, तर काही दिवस देवापुढे पाटाऐवजी खुर्ची. देव चालवून घेईल.

पेठेतली काकू

देव घेईल गं. सासूबाईंच्या फोटोचं काय?

ढोलकन्या

हा धागा आधी यायला हवा होता. कबड्डीत वळताना माझी एसीएल गेली. कुणी धक्का दिला नव्हता, पाय रोवला आणि अंग वळवलं, एवढंच. टप्प असा आवाज आला, संध्याकाळपर्यंत गुडघा भोपळा. पहिल्या ठिकाणी मुरगळलंय म्हणून क्रेप बँडेज मिळालं. महिन्याने पळायला गेले तर गुडघा निसटल्यासारखा व्हायचा, तेव्हा एमआरआय झाला. आता मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा घेऊन नवीन लिगामेंट बसवलंय. गणपतीत ढोल घ्यायचाय पण फिजिओ परवानगी देत नाहीयेत. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, चालते आहे, मग अडतंय कुठे?

न्यूटनभक्त

तरुण माणसाची एसीएल तुटायला दोन हजार न्यूटनच्या वर ओढ लागते, म्हणजे दोनशे किलोहून जास्त. साडेतीन सेंटीमीटरच्या दोरीला वाईट नाही. आणि ती कबड्डीच्या एका वळणात तुटते!

हाडवैरी

ढोलकन्या, तू सांगितलेलं वर्णन इतकं नमुनेदार आहे की वर्गात वाचून दाखवीन. पाय रोवलेला, गुडघा थोडाच वाकलेला आणि आत पडलेला, वर शरीर वळतंय. बहुतेक एसीएल धक्क्याविनाच तुटतात. मुलींमध्ये हे प्रमाण त्याच खेळातल्या मुलांपेक्षा काही पटींनी जास्त आहे. उडी मारून टेकताना गुडघा आत पडू न देण्याचा सराव केला तर दुखापती कमी होतात, हे आता चांगलं सिद्ध आहे. तरी आपल्याकडच्या किती क्रीडा शिक्षकांना हे ठाऊक आहे?

तुटलेली एसीएल सहसा आपोआप जुळत नाही. इतर ठिकाणी जखमेत रक्त गोठतं आणि त्यावर भरणी होते. इथे सांध्यातल्या पाण्यात ते गोठणंच विरघळून जातं. गादीचंही तसंच, फक्त तिच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. तिथे फाटली तर शिवून भरते, आतल्या पातळ भागात फाटली तर भरण्याची आशा कमी.

आता तुझं अडतंय कुठे. बसवलेली कंडरा पहिले काही महिने मजबूत होण्याऐवजी आधी कमजोर होते. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुन्या पेशी मरून नव्या येतात आणि मग ती हळूहळू लिगामेंटसारखी बनते. बाहेरून तुला बरं वाटत असतं आणि आत ती सगळ्यात नाजूक असते, असा काळ येतो. शिवाय खऱ्या एसीएलमध्ये गुडघा कुठे किती वाकलाय हे मेंदूला कळवणाऱ्या नसांची टोकं असतात. ती गेलेली आहेत, ते ज्ञान स्नायूंना नव्याने शिकावं लागतं. गुडघ्यात थोडं जरी पाणी असलं तरी मांडीचा पुढचा स्नायू आपसूक ढिला पडतो, कितीही मनावर घेतलं तरी. कमरेला ढोल बांधून तीन तास मिरवणुकीत गर्दीचे धक्के खाणं म्हणजे नेमकं जे टाळायचं तेच. यंदा ताशा घे, किंवा ध्वज. फिजिओंचं बरोबर आहे.

ढोलकन्या

ध्वज!! पथकात मला कोण काय म्हणेल याची कल्पना आहे का ताई. पण ठीक, कळलं.

उत्खनक

पुरातत्त्वाचा विद्यार्थी या नात्याने थोडं अवांतर, पण फार नाही. माणूस दोन पायांवर कधीपासून चालतो, याचा एक पक्का पुरावा गुडघाच आहे. १९७३ साली इथिओपियातल्या हदार इथे डोनाल्ड जोहानसनला सुमारे ३४ लाख वर्षं जुना गुडघा सापडला. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक. 'ल्युसी' हा माणसाच्या प्राचीन पूर्वजाचा प्रसिद्ध सांगाडा तिथेच पुढच्या वर्षी मिळाला.

दोन तुकड्यांवरून कसं ओळखलं? चिंपांझीची मांडी सरळ खाली येते, म्हणून दोन पायांवर चालताना तो डुलतो. आपली मांडी खुब्यापासून आत तिरकी येते, त्यामुळे गुडघे आणि पावलं शरीराच्या खाली जवळ जवळ पडतात. हदारच्या हाडात हा तिरकेपणा आहे. आणि गंमत म्हणजे हा कोन जन्मतः नसतो. मूल चालायला लागलं की तो तयार होतो. जी मुलं कधी चालूच शकत नाहीत त्यांच्यात तो होत नाही.

याच तिरकेपणामुळे वाटी बाहेरच्या बाजूला निसटू पाहते ना, हाडवैरीताई?

हाडवैरी

अगदी. मांडीचा स्नायू तिरका ओढतो, नडगीकडची कंडरा सरळ खाली, त्यामुळे वाटीला बाहेर ढकलणारा जोर येतो. तिला अडवायला मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या फुगवट्याची कड पुढे जास्त उंच असते, आणि आतल्या बाजूचा स्नायू तिला आत ओढून धरतो. वाटी निसटते ती जवळजवळ नेहमी बाहेरच.

पेठेतली काकू

म्हणजे नातवाचे पाय बाकदार आहेत ते चालल्यावर सरळ होतील? दीड वर्षाचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं की बाळांना वाटीच नसते.

हाडवैरी

वाटी असते काकू, पण कूर्चेची. साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान तिचं हाड व्हायला लागतं, म्हणून बाळाच्या एक्स-रेत दिसत नाही. दीड वर्षाला पाय बाकदार असणं ठीकच आहे. दोन वर्षांच्या आसपास ते सरळ होतात, मग तीन-चार वर्षांना उलट गुडघे एकमेकांना लागायला लागतात, तेव्हा घरचे पुन्हा घाबरतात. सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेकांचं जागेवर येतं. एकच पाय बाकदार असेल किंवा बाक वाढत असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ड जीवनसत्त्वाचंही बघतील. तेलाने चोळून, ओढून सरळ करायला जाऊ नका.

सातासमुद्रापार

आई औंधला एकटी असते, दोन्ही गुडघे बदलायचं ठरतंय. नातेवाईक घाबरवतात की गुडघा कापून काढतात आणि लोखंडी बसवतात. नक्की काय बदलतात? आणि इम्प्लांटच्या किमतींचा काही नियम आहे असं ऐकलं.

जुना वर्गणीदार

नियम आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याची तेव्हाची मर्यादा कराशिवाय ५४,७२० रुपये होती. पुढे आकडे बदलत गेले, आजचा आकडा विचारून घ्या. पण ही फक्त इम्प्लांटची किंमत. रुग्णालयाचं बिल त्याच्या कितीतरी वर जातं, म्हणून अंदाजपत्रक लेखी घ्या, खोली, फिजिओ, औषधं वेगवेगळी मांडून.

भीतीचं म्हणाल तर वाजपेयी पंतप्रधान असताना दोन्ही गुडघे बदलले होते, एक २००० मध्ये, दुसरा २००१ मध्ये, मुंबईत ब्रीच कँडीला. डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. तेव्हापासून आमच्या पिढीत ही शस्त्रक्रिया दिवाणखान्यात बोलायचा विषय झाली.

हाडवैरी

आणि काय बदलतात ते. पूर्ण गुडघा काढत नाहीत. मांडीच्या हाडाच्या टोकाचा काही मिलिमीटरचा झिजलेला पापुद्रा तासून त्यावर धातूचं आवरण, नडगीच्या माथ्यावर धातूची तबकडी आणि दोन्हींच्या मध्ये खास प्रकारच्या प्लास्टिकचा थर. एसीएल बहुतेक वेळा काढली जाते, बाजूची लिगामेंट आणि सगळे स्नायू तुमचेच राहतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच मांडीचे व्यायाम सुरू करायला सांगतात. ज्या आया आधीपासून व्यायाम करून जातात त्या नंतर लवकर हिंडायला लागतात. बदललेला गुडघा साधारण ११० ते १२० अंश वाकतो. जिना, खुर्ची, चालणं यांना तेवढं पुरतं, जमिनीवर मांडी घालायला पुरत नाही. आईच्या घरी संडास भारतीय पद्धतीचा असेल तर तो आधी बदलून घ्या, शस्त्रक्रियेनंतर नाही. एकटी असेल तर पहिले सहा आठवडे कुणी तरी सोबत हवं. ही व्यवस्था झाल्यावरच तारीख घ्या.

सातासमुद्रापार

संडास भारतीयच आहे. हे कुणीच बोललं नव्हतं. उद्याच गवंड्याला फोन करायला सांगतो.

तिरकस सदाशिव

सगळे गंभीर झालात. माझा एक खरा प्रश्न, टवाळी नाही. उठताना माझे दोन्ही गुडघे कटकट वाजतात, इतके की बायको झोपेतून उठते. दुखत अजिबात नाही. काळजी करू का?

हाडवैरी

दुखत नाही, सूज नाही, अडकत नाही, तर नाही. सांध्यातल्या पाण्यात वायूचे बुडबुडे होतात, त्यांचा आवाज असतो. कंडरा हाडाच्या कडेवरून सरकतानाही वाजतात. दुखण्यासकट करकर येत असेल तर वेगळं.

न्यूटनभक्त

मला कुणी तरी फॅबेलाबद्दल सांगा. माझ्या एमआरआयच्या अहवालात 'फॅबेला आढळला' असं लिहिलंय आणि मी दोन रात्री झोपलो नाही.

हाडवैरी

झोपा. गुडघ्याच्या मागे, पोटरीच्या स्नायूच्या कंडरेत, काही लोकांना वाटाण्याएवढं एक जास्तीचं हाड असतं. आजार नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या लोकांनी २०१९ मध्ये सुमारे दीडशे वर्षांच्या नोंदी तपासल्या. १९१८ मध्ये सुमारे ११ टक्के लोकांत आढळणारं हे हाड २०१८ मध्ये ३९ टक्क्यांत आढळत होतं. त्यांचा अंदाज असा की लोकांचं पोषण सुधारलं, उंची आणि वजन वाढलं, गुडघ्यावरची ओढ वाढली, म्हणून ते जास्त लोकांत तयार व्हायला लागलं असावं.

न्यूटनभक्त

म्हणजे खातापिता गुडघा. बायकोला दाखवतो अहवाल.